एक बाहीवाला डॉक्टर

जोंधळे डॉक्टरांनी मला उभ्या जन्मात दोनदा मारलं. दोन्ही वेळा कानशिलातच. पहिली बसली तेव्हा मी तीस वर्षांचा होतो, घरी बायको, दोन लेकरं, आणि ड्रेसर म्हणून नोकरीवर रुजू होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. दुसरीचं शेवटी सांगतो.

आमचा दवाखाना जनावरांचा. हसनाबादच्या अलीकडं एका खेड्यात दोन खोल्या, पुढं ओसरी आणि अंगणात जनावर अडकवायचा लोखंडी पाइपांचा खोडा. ऐंशीचं दशक सरत आल्तं तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी सायबांना यायला उशीर झाला. एक जण गाय घेऊन आला, म्हणाला माजावर येत न्हाई. मी गाईचं पोट बघितलं, कास बघितली आणि रजिस्टरात ऐटीत लिहून टाकलं, 'रिकामी'. सायब आले. त्यांनी ते वाचलं, सरळ गाईच्या मागं गेले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. मंग बाहेर काढला आणि तोच हात माझ्या गालावर ठेवून दिला. शेण पार कानात गेलं.

"पाच महिन्यांचं वासरू आहे आत," म्हणाले. "आधी हात, मंग पेन. आधी हात, मंग सुई. बिलकुल विसरायचं न्हाई."

माझी मूठ वळली होती. खोटं कशाला बोलू, मारलंच असतं मी त्यांना, नोकरी गेली खड्ड्यात. पण ते परत गाईकडं वळले आणि तिच्या पाठीवर हात फिरवत "झालं माय, झालं" असं पुटपुटत राह्यले. माणसाशी असं वागणारा आणि जनावराशी इतकं हळू बोलणारा माणूस मी पाह्यला न्हवता. मी हौदावर जाऊन गाल धुतला आणि कामाला लागलो.

सायब मूळचे अंबडकडचे, परभणीला शिकलेले. काळे, बुटके, मान न्हाईच म्हटलं तरी चालेल. त्यांच्या एकूण एक सदऱ्यांची उजवी बाही खांद्यापासून कापलेली असायची. लग्नाकार्याच्या सदऱ्याची सुद्धा. लोक त्यांना एक बाहीवाला डॉक्टरच म्हणायचे. रबरी हातमोजे यायचे आमच्याकडं, पण सायब ते घालत नसत. मोजा घातला की बोटं आंधळी होतात म्हणायचे. दर सोमवारी ओसरीत बसून ब्लेडनं नखं काढायचे, बोट गालावर फिरवून बघायचे, कुठं टोचतं का. एकदा त्यांचा हात आत असताना म्हैस धपकन खाली बसली. कोपर वाजलेलं मला दहा फुटांवर ऐकू आलं. म्हशीला काही बोलले न्हाईत. मालकाला मात्र हात तसाच अडकलेला असताना अशा शिव्या घातल्या की तो बिचारा दावं टाकून रस्त्यापर्यंत पळाला.

मारायचे मात्र फार. गाय माजावर यावी म्हणून तिच्या अंगात तिखट भरणारा एक महाभाग होता. सायबांनी त्याची मान काखेत धरली आणि पुडीत उरलेलं तिखट त्याच्या नाकात कोंबलं. तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, आरीनं बैलाचं पुठ्ठं फोडणाऱ्याला त्याच तुतारीनं अंगणभर पळवला. वरती तक्रारी जायच्या, वरून कागद यायचा, सायब त्याखाली लिहायचे, 'होय, मारले'. सही. मला त्यांचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, दोन्ही एकाच वेळी, आता काय करता.

आणि एक गोष्ट त्यांना बिलकुल सहन व्हायची न्हाई. 'वांझ' हा शब्द. जनावराबद्दल म्हटला तरी डोळे लाल व्हायचे. का, ते मी कधी विचारलं न्हाई.

आता सरूबाईची म्हैस. सरूबाई म्हणजे गावापासून कोसभर एका वस्तीवर राहणारी बाई, पंचविशीतली, लग्नाला सात वर्षं झालेली, पोटी लेकरू न्हाई. नवरा बबन, सासू आणि ही एक म्हैस. म्हैस सरूबाईनं माहेराहून आणलेली, पण एका वेतानंतर ती माजावर येईना. बबननं दोघींना एकच नाव ठेवलं होतं. म्हैस खाटकाला आणि बायको माहेराला, मंग दुसरी करतो, हे तो चावडीवर बसून सांगायचा. बायकोला मारायचा तेही लपूनछपून न्हाई. आषाढात ती म्हैस घेऊन आली तेव्हा सायबांनी हात घातला आणि बोटं आत असतानाच म्हणाले, "काही वांझबिंझ न्हाई. डाव्या अंडाशयावर गोळा हटून बसलाय. एक सुई आहे, पण औरंगाबादहून मागवावी लागंल." तिला त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली, तोवर म्हैस विकू देऊ नको. ती म्हणाली, "म्हैस गेली की दुसऱ्या दिशी म्या बी गेलेच, डॉक्टरसायब."

सुई लवकर येईना. पंचमीला सरूबाई माहेरी गेली. जायच्या आधी बबननं असं मारलं होतं की तिकडं ती दोन महिने निजूनच होती. दसऱ्याच्या सुमाराला परत आली आणि बर्फाच्या थर्मासमधून सुईची बाटली आली, दोन्हीला एकच गाठ पडली. बाजाराचा दिवस होता. सायबांनी त्या दिवशी जालन्याहून आणखी एक गोष्ट आणली होती. डबाभर अंडाशयं. कापलेल्या गाई-म्हशींची, खाटकाकडून मागून आणलेली. ओसरीतल्या बाकावर ब्लेड घेऊन बसले आणि बाजाराला आलेल्या तीस-चाळीस बाप्यांना म्हणाले, "बसा. आज कळू द्या तुम्हाला, तुम्ही कशाला वांझ म्हणता ते."

त्यांनी एक अंडाशय उभं चिरलं. आतून सुपारीएवढा गोळा निघाला, हळदीसारखा पिवळा. रक्त बाकावरून खाली ठिबकत होतं. दोघं-तिघं उठून गेले, एक जण भिंतीला धरून ओकला.

"मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी गाठ असते," सायब म्हणाले. "हुकूम तिथून सुटतो. हुकूम आला की अंडं फुटून बाहेर पडतं. फुटलं तिथं जखम होते, जखमेत रक्त भरतं आणि त्या जखमेतच हा गोळा उगवतो. हा गाईचा म्हणून पिवळा. म्हशीचा करडा असतो, तिच्यात तो पिवळा रंग नसतो, दुधात बी नसतो. या गोळ्यातून एक रस निघतो, प्रोजेस्टेरॉन. हा रस रक्तात चालू आहे तोवर पिशवी शांत. वरून हुकूम चालू, खाली रस चालू, तर वासरू टिकणार. रस थांबला की वासरू पडलंच. एक दिवस बी वाट बघत न्हाई."

"मंग वासरूच राह्यलं न्हाई तर?" एकानं विचारलं.

"तर सोळा-सतरा दिवसांनी पिशवीच या गोळ्याला मारून टाकते. स्वतः. विष सोडते त्याच्यावर. गोळा मेला की जनावर पुन्हा माजावर. अन् वासरू असलं तर ते एवढुसं असतानाच आतून पिशवीला निरोप देतं, मारू नको, मी हाये. कधी कधी पिशवी चुकते. वासरू नसतं तरी गोळा मरत न्हाई, बसून राहतो. त्याला ही सुई. हिनं गोळा मरतो."

बबन पुढंच उकिडवा बसलेला होता. हसून म्हणाला, "डॉक्टर, आमच्या घरात दोन हायेत. एका सुईत दोघींचं भागंल का?"

लोक हसले. सरूबाई खोड्यापाशी म्हशीचं दावं धरून उभी होती, खालचा ओठ फाटलेला. तिनं मान खाली घातली. सायब बाकावरून कधी उठले कळलं न्हाई. पहिल्या थपडीत बबन आडवा झाला. उठून खोड्याकडं सरकला, तर दुसरी. ती त्यानं चुकवली आणि सायबांचा हात पुऱ्या ताकदीनं लोखंडी पाइपावर बसला. बबन शिव्या देत पळाला. सायबांचा उजवा पंजा बघता बघता फुगून भाकरीएवढा झाला.

मी थंड पाणी आणलं. ते म्हणाले, "पाणी राहू दे. सुई भर."

"सायब, आधी हात..." मी म्हणालो. हो, मी म्हणालो होतो.

"हा हात जातो का आत? आषाढात बघितलंय ना मी. माझी बोटं विसरत न्हाईत." मंग सरूबाईला विचारलं, "मधल्या काळात रेडा लागला का हिला?"

"न्हाई, डॉक्टरसायब," ती म्हणाली. तिला माहीत होतं तेवढं तिनं खरं सांगितलं.

सुई देताना तिला ओरडून लांब उभं केलं. त्या औषधाचा थेंब बाईमाणसाच्या अंगाला लागू नये, तेही बाईचं बिघडवतं, म्हणाले. इतकी काळजी घेणारा माणूस! आणि त्याच माणसानं डाव्या हातानं, आत न चाचपता सुई टोचली आणि मोकळा झाला.

पाचव्या दिवशी दुपारी वस्तीवरून माणूस पळत आला. म्हैस गाभडली.

आम्ही फटफटीवर गेलो. गोठ्यात रक्त, त्यात उंदराएवढं रेडकू, पातळ कातडीचं, चार खुरं मात्र बराबर उमटलेली. सासू ऊर बडवत होती. तिच्या रडण्यातूनच सगळं कळलं. पंचमीला सून माहेरी गेली त्याच आठवड्यात गोळा आपोआप विरला होता, म्हैस आपसूक माजावर आल्ती, आणि म्हातारीनं एकटीनं तिला रेडा दाखवून आणला होता. कुणाला सांगितलं न्हाई. आमच्या भागात जुन्या बाया गाभण जनावराचं तीन महिने बोलत न्हाईत, नजर लागते म्हणून. बबनला सांगितलं न्हाई, माहेरून आलेल्या सुनेला तर न्हाईच. "पंधरा दिवस राह्यले होते रे तीन महिन्याला," म्हातारी ओरडत होती.

सायबांनी ते रेडकू उचललं. मी त्यांचा चेहरा तसा आधी पाह्यला न्हवता, पुढंही न्हाई. ते बाहेर अंगणात आले आणि जमलेल्या लोकांना मोठ्यानं म्हणाले, "मी मारलं हे. गोळा या वासराला सांभाळत होता आणि मी त्यालाच मारलं. हात न घालता सुई दिली. चूक माझी. ना बाईची, ना म्हातारीची." मंग बबनकडं वळून म्हणाले, "पण बघून घे. म्हैस वांझ न्हाई. अन् बायकोचं म्हणशील तर आधी स्वतःला तपासून घे, मंग तोंड उघड."

बबननं बैलगाडीची उभारी, कडेचा लाकडी दांडा, उपसली. मी मधी पडायच्या आत पहिला तडाखा सायबांच्या खांद्यावर बसला. सायब हलले न्हाईत. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी उजवा हात उचलून पुढं धरला, खरंच सांगतो, धरला, आणि दुसरा तडाखा त्या हातावर आला. हाड मोडल्याचा आवाज आला, तिसऱ्या तडाख्याला हात कोपराखाली लटकला. मी बबनला कमरेत धरून पाडलं, लोकांनी त्याला दाबून धरला. मी ओरडलो, "सायब, चला ठाण्यात! सरकारी माणसावर हात टाकलाय, सडंल भडवा!"

सायब मातीत बसले होते, हात मांडीवर घेऊन. बबनला म्हणाले, "ठाण्यात गेलो तर तू आत जाशील. चार वर्षं तरी. मी जात न्हाई. म्हैस विकायची न्हाई. बाईला घराबाहेर काढायचं न्हाई. अंगाला बोट लावायचं न्हाई. ज्या दिवशी लावशील त्या दिवशी माझी तक्रार आत जाईल." बबनच्या हातातून उभारी केव्हाच गळून पडली होती. तो भिला होता. म्हातारी त्याच्याकडं बघत होती, सरूबाई जमिनीकडं.

हात वाकडाच जुळला. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, बोटांत जीव येणार न्हाई. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस खुर्चीत बसून रजिस्टर भरणार. तर एक दिवस बघतो, सगळ्या सदऱ्यांना उजव्या बाह्या जोडून घेतल्यात आणि डाव्या कापल्यात. वर्षभर दर बाजारी डबा आणायचे, अंडाशयं घोंगडीखाली ठेवायचे, डाव्या हातानं चाचपून मला सांगायचे, "गोळा आहे, आठ दिवसांचा," आणि मी चिरून बघायचो. सुरुवातीला दहातलं चार चुकायचं. चुकलं की स्वतःलाच घाण घाण शिव्या द्यायचे. "डावा हात काय त्या दिवशी मेला होता का रे, नामदेवा?" हे एक वाक्य मी हजारदा ऐकलंय.

सरूबाईची म्हैस त्याच हिवाळ्यात पुन्हा गाभण राह्यली. आणि सायब दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वस्तीवर जायला लागले. म्हैस व्याली, वगार झाली, तरी चालूच. लोक हसायचे, डॉक्टरला म्हशीचा लळा लागला म्हणायचे. सायब म्हशीच्या मागं उभे राहायचे, सरूबाईला म्हणायचे, "शेपूट धर. वर, अजून वर." ती हात वर करायची, बांगड्या कोपराकडं घसरायच्या, पोलक्याची बाही मागं जायची. सायब म्हशीवर एक थाप मारायचे आणि म्हणायचे, "चांगलं आहे." दीडेक वर्ष मी हे बघितलं आणि न राहवून विचारलं, "सायब, म्हशीला तर तुम्ही हात बी घालत न्हाई. तपासता काय?"

"म्हैस तपासायला येतो असं कोण म्हणालं तुला?" ते म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी फटफटीला किक मारली.

पाच-सहा वर्षांनी सायबांची बदली झाली. निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. आत हाताच्या फोटोची काळी फिल्म आणि तक्रारीचा कागद, सगळं लिहून, सही करून, तारखेची जागा कोरी. "पहिला सोमवार," एवढंच बोलले आणि एस.टी.त चढले. मंग मी जायला लागलो. अंडाशयातलं मला काय कळतंय! पण मागं उभं राहून म्हणायचो, "शेपूट वर धरा, बाई."

एकदा डाग दिसला. दंडावर, निळा, चार बोटांचा. मी कागदापर्यंत गेलोच न्हाई. बबनला गोठ्यातच धरला आणि त्याचं तोंड गव्हाणीवर आपटलं, मला वाटलं तोवर आपटलं. त्यानं माझा पुढचा दात पाडला. मंग मी खिशातलं पाकीट काढून त्याच्यासमोर तारखेच्या जागेवर पेन टेकवलं. तो माझ्या पायावर पडला. त्यानंतर डाग न्हाई. दुसरी बायकोही आली न्हाई. सरूबाईला लेकरू झालं न्हाई, पण तिच्या दाव्याला चार म्हशी झाल्या, आणि घरात तिचा आवाज ऐकू यायला लागला.

दोन हजार साल उलटून गेल्यावर कळलं, सायबांना अर्धांगवायू झाला. मी अंबडला गेलो. कोर्टाच्या मागच्या गल्लीत घर, भर दुपार, सायब खाटेवर तक्क्याला टेकून. उजवी बाजू गेलेली. सुनेनं त्यांना दोन्ही पुऱ्या बाह्यांचा सदरा घातला होता. मला ते बघवलं न्हाई. बोलणं जड झालं होतं, पण डोळे तेच.

"म्हैस?" त्यांनी विचारलं.

"ती मेली, सायब. आता तिच्या नाती हायेत."

"डाग?"

"सहा वर्षं झाली, एक बी न्हाई. बबन बी म्हातारा होत चालला." मंग मी जरा हसत म्हणालो, "आता बास करतो सायब. गुडघे दुखतात. सगळं नीट चालू हाये, जायची गरज न्हाई."

त्यांचा डावा हात चादरीवरून उठला आणि माझ्या कानशिलात बसला. ताकद न्हवती, पण नेम बराबर होता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आतून सून पळत आली, तिला त्यांनी नजरेनंच परत पाठवली.

"नीट चालू आहे," एकेक शब्द ओढत म्हणाले, "कारण रस चालू आहे. गोळा गेला की काय होतं?"

मी पन्नाशीकडं झुकलेला बाप्या, आजोबा झालेलो, खाली मान घालून म्हणालो, "वासरू पडतं, सायब."

"किती दिवस वाट बघतं?"

"एक बी न्हाई."

त्यांनी डोळे मिटले. मी उठलो, दारातून मागं वळून बघितलं. ते डाव्या हाताची बाही दातांत धरून वर ओढत होते, कोपराच्या वर काही जात न्हवती. तेच माझं त्यांना शेवटचं बघणं. पुढच्या महिन्यात ते गेले.

त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी वस्तीवर गेलो. सरूबाईला सांगितलं, सायब गेले. ती उठली, थोरल्या म्हशीला मोकळ्या अंगणात आणून बांधलं. मी नेहमीसारखा मागं जाऊन उभा राह्यलो, शेपूट धरा म्हणणार, तर त्याच्या आधीच तिनं दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर सारल्या आणि दोन्ही हात उन्हात माझ्यासमोर धरले.

"बघा, दादा," ती म्हणाली. "नीट बघून घ्या."

मी नीट बघितले.